अक्षरे गेली कोठे?

गेल्या वर्षी आमच्या मालेगावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी नवा संगणक आला. जुन्या संगणकावरील फायली त्यावर उतरवून घेतल्या. आमच्या एका निवृत्त सरांनी २००४ साली उन्हाळ्याची सारी सुटी खर्चून प्रयोगांच्या मराठी कृती टंकून ठेवल्या होत्या. ती फाईल उघडली मात्र, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! 'बिघडली, पुसून टाकू या,' असे कोणीतरी म्हणाले. सुदैवाने आम्ही पुसली नाही. कारण ती बिघडलेली नव्हतीच!

हे कसे? संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे यादीवरून ठरते. तुमच्या वर्गात हजेरीचा १२ वा क्रमांक कोणाचा? शेजारच्या तुकडीतील १२ वा विद्यार्थी निराळाच असणार. क्रमांक तोच, हजेरीपट वेगळा!

इंग्रजीच्या 'अस्की' यादीत १०१ हा क्रमांक लहान 'ई'चा आहे. 'कृतिदेव' या फॉन्टमध्ये त्याच जागी 'म'चे चित्र बसवलेले आहे. त्या फॉन्टमध्ये 'मराठी' टंकले, की फाईलमध्ये १०१, १०६, १०७, ६६, १०४ हे आकडे जातात. फॉन्ट असेल तर 'मराठी' दिसते. नसेल तर ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे. असे अनेक फॉन्ट निघाले आणि बहुतेकांचा हजेरीपट निराळा!

यावर उपाय म्हणजे सर्वांचा एकच हजेरीपट. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगातील लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये 'म'चा क्रमांक २३५०. तो मालेगावात 'म'चा, तसाच टोकियोतही 'म'चाच.

आम्ही काय केले? प्रथम फाईलची एक प्रत वेगळी ठेवली. जुन्या संगणकातील फॉन्ट नव्यात बसवला, आणि अक्षरे परत आली! मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने मजकूर युनिकोडमध्ये आणला. तरीही प्रत्येक ओळ तपासावी लागली. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' टंकताना वेलांटी आधी आणि 'क' नंतर. युनिकोडमध्ये 'क' आधी. रफारही असाच जागा बदलतो. हा क्रम उलटवताना चूक होऊ शकते.

एक प्रयोग करून पाहा. युनिकोडमध्ये 'कि' टंका आणि शेवटचे चिन्ह खोडण्याची कळ एकदाच दाबा. डावीकडची वेलांटी जाईल, 'क' राहील. का, ते आता तुम्हीच सांगा!

तुमच्या शाळेतही जुन्या प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्या अशाच 'बिघडलेल्या' पडल्या असतील. त्या पुसण्याआधी जुना फॉन्ट शोधा. जुना संगणक भंगारात गेला, की त्याच्याबरोबर तो हजेरीपटही जातो.