कयाधूवर चक्रवाक नाही, हे कसे ठरवायचे?

हिवाळ्यात हिंगोलीजवळ कयाधू नदीचा प्रवाह बारीक होतो. डोह उरतात, मधे वाळूचे पट्टे उघडे पडतात. अशा पट्ट्यावर चक्रवाक उतरतो का? हा प्रश्न आपण वर्गात घेऊ.

चक्रवाक म्हणजे ब्राह्मणी बदक. अंग केशरी-बदामी, डोके फिकट, शेपटी काळी. उडताना पंखांवरचा पांढरा भाग लांबूनही दिसतो. लडाख, तिबेट, मध्य आशिया येथे त्याची वीण होते आणि थंडीत तो भारतात येतो. चकवा-चकवी रात्री एकमेकांपासून दुरावतात, असे संस्कृत कवींनी मानले. प्रत्यक्षात हा पक्षी बहुतेक खाणे रात्री उरकतो आणि दिवसा उघड्या काठावर विसावतो. म्हणून त्याला गवताळ डबक्यात न शोधता, सकाळी वाळूच्या पट्ट्यावर शोधावे. त्याला ऐसपैस पाणी आवडते. त्यामुळे पूर्णेवरील येलदरी, सिद्धेश्वर जलाशयांपेक्षा कयाधूवर तो दिसण्याची शक्यता कमीच धरावी.

समजा, आपण गेलो आणि तो दिसला नाही. मग तो नदीवर नाही, असे म्हणता येईल का? थोडे गणित करू. पक्षी तेथे असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता निम्मी धरू. मग एका फेरीत तो नजरेतून सुटण्याची शक्यता १/२, दोन फेऱ्यांत १/४ आणि चार फेऱ्यांत १/१६ होते. म्हणजे एका रिकाम्या फेरीने फारसे सिद्ध होत नाही. चार फेऱ्यांनी बरेच काही कळते. अर्थात 'निम्मी' हे आपण धरलेले गृहीत आहे. धुके असेल, तर शक्यता आणखी घटते.

म्हणूनच वहीत 'दिसला नाही' एवढेच लिहून भागत नाही. तारीख, वेळ, किती किलोमीटर काठ पाहिला, पाहणारे किती, हवा कशी होती, हेही लिहावे. डिसेंबर ते फेब्रुवारी, दर पंधरवड्याला, तोच काठ, तीच वेळ ठेवावी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, तीही अशाच नियमित मोजणीवर उभी आहे.

गुलाबी डोक्याच्या बदकाची १९४९ नंतर खात्रीलायक नोंद नाही. ते दिसल्याचे काही दावे झाले. त्यांतले कित्येक पक्षी मोठी लालसरी निघाले. तरीही ते नामशेष झाल्याचे अजून जाहीर केलेले नाही, कारण शोध पुरेसा झाला का, हा प्रश्न उरतोच.

आपल्या नदीतली वाळू उपसली गेली, की असे पट्टे नाहीसे होतात. तेव्हा पूर्वी तेथे कोणते पक्षी होते आणि कोणते नव्हते, हे सांगायला आपल्या शाळेची वही हवी. त्या वहीतले शून्यसुद्धा माहितीच असते.