दीडशे वर्षांचं बोलणं

डिसेंबर १८७४. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा आणला. कर्ज दीडशे रुपयांचं. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला, त्याचं लोण गावोगाव पसरलं आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांची खतं आणि वह्या रस्त्यावर जळाल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच.

त्याच १८७५ साली पुण्यात महादेव गोविंद रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज आपण त्यांना न्यायमूर्ती म्हणतो, पण तेव्हा ते पुण्यात सबजज्ज होते. हायकोर्टाला अजून अठरा वर्षं अवकाश होता. आदल्याच वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघाली होती. अमेरिकेतली शटॉक्वाची प्रसिद्ध उन्हाळी व्याख्यानं, तीही १८७४चीच. शहाण्यासुरत्या माणसांनी उन्हाळ्याच्या सुटीत एकत्र बसून काही ऐकावं, ही कल्पना त्या काळच्या हवेतच होती म्हणायची.

मालेचा कारभार वक्तृत्वोत्तेजक सभेकडे. २१ एप्रिल ते २० मे, आता टिळक रोडवरचं टिळक स्मारक मंदिर, रोज संध्याकाळी नवा वक्ता, नवा विषय. एवढ्या साध्या चौकटीवर या मालेने दीडशे वर्षं काढली. मला वाटतं, ती टिकली ऐकणाऱ्यांमुळे. वक्ते येतात आणि जातात. खुर्ची धरून महिनाभर बसणारा मात्र तोच असतो. त्याला कळतं की आजचा पाहुणा तयारी करून आलाय की गेल्या वर्षीचंच भाषण झटकून आणलंय. चौथ्या वाक्याला तो हाताची घडी घालतो, तिथेच निकाल लागतो.

पण ही सभा शहराची, शिकलेल्यांची होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला होता, आणि १८८५च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण त्यांनी रानड्यांना पत्र लिहून नाकारलं. करड्याचा कुणबी पुण्यातल्या व्याख्यानाचा विषय होऊ शकत होता. श्रोता होणं कठीण. रानड्यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. दंग्यांनंतर १८७९चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आला, त्याच्या अंमलबजावणीवर त्यांची नेमणूक झाली आणि पुणे, नगर, सातारा, सोलापूर जिल्ह्यांत फिरून त्यांनी कर्जाचे खटले तपासले. बोलणाऱ्याने आधी दप्तर पाहावं, ही शिस्त त्यांची.

व्याख्यान गावात आलं ते दुसऱ्या वाटांनी. १८९३नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाने ते मांडवात आणलं. नाशिकची वसंत व्याख्यानमाला गोदाकाठी, यशवंतराव महाराज पटांगणावर उघड्यावर भरते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाची बहिःशाल व्याख्यानमाला विद्यापीठाने खेड्यापाड्यांतल्या केंद्रांवर नेली.

तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, शिरूर या पट्ट्यातलं व्याख्यान कसं असतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पुढच्या सतरंजीवर शाळेची पोरं, मागे खुर्च्यांवर सरपंच आणि निवृत्त गुरुजी, टेबलावर तांब्या-भांडं. माइक आधी किंचाळतो. मग शाल, श्रीफळ, परिचय, परिचयाचा परिचय. वक्ता उभा राहतो तोवर पोरं पेंगुळलेली, आणि तो रंगात येतो न येतो तोच अध्यक्षांकडून चिठ्ठी सरकते: पाच मिनिटांत आटपा.

ही चिठ्ठी सत्कारांना का पाठवत नाहीत, हे मला कधी उमगलेलं नाही. कारण खरी गंमत भाषणानंतर असते. मागून कुणीतरी उठतो, टोपी सारखी करतो आणि विचारतो, “साहेब, सगळं पटलं. पण कांद्याचं काय?” पाहुण्याकडे उत्तर असेल तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा बोलावणं जातं.