नकाशा सोपा कधी होतो?

आपल्या मुरबे-सातपाटीच्या खाडीचंच उदाहरण घेऊ. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार तिवरांभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. आता एखाद्या कोळ्याची जाळी ठेवायची शेड पट्ट्याच्या आत की बाहेर, हे वनरक्षकानं पाहायचं कसं?

क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण उघडल्याबरोबर समोर येतात लेयर, प्रोजेक्शन, शेपफाइल. वनरक्षकाचा प्रश्न तर साधा आहे: मी उभा आहे तिथून तिवरं किती लांब? व्याघ्र प्रकल्पांसाठी २०१० मध्ये एम-स्ट्राइप्स आलं. त्यात गस्तीची वाट, पाऊलखुणा, मेलेलं जनावर अशा रोजच्या कामाच्याच नोंदी असतात. सोपेपणाची सुरुवात अशी होते.

पण सोपं करताना आपण शंकाही पुसून टाकतो, ही गल्लत. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर चुकतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला सर्वांत बारीक चौकोनच १० मीटरचा. तिवरांची कडही गाळाबरोबर सरकते. पडद्यावर मात्र एक ठाम हिरवी रेघ! तिच्या भरवशावर कुणाची शेड पडते, नाहीतर तिवरं तुटतात.

आपण जे जाणतो, ते किती खात्रीनं जाणतो, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न. तो नकाशालाही विचारू या. पडद्यावर तीन रंग असावेत: नक्की आत, नक्की बाहेर, आणि मधला 'टेप घेऊन मोजा'. मग वनरक्षक आणि कोळी एकाच पडद्याकडे बघून बोलू शकतील.