चुंबकीय रुमाल

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कळंबसारख्या गावी, जिथे आषाढात भिंतींना ओल येते आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढते, तिथे माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेला फ्लॉपींचा डबा उघडताना आपण एका लहानशा दफ्तरखान्याचेच दार उघडीत आहोत, अशी माझी भावना झाली. स्मरणिका, लग्नपत्रिका, अर्जांचे मसुदे, एका वृद्ध शिक्षकाच्या आठवणी: चकत्यांवरची शाई फिकट झाली होती, पण नावे वाचता येत होती. मजकूर मात्र वाचता येईना.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे मोडी लिपीची अडचण होती, परंतु कागद डोळ्यांना दिसत होता. इथे पहिली अडचणच अदृश्याची आहे. १.४४ एमबीच्या साडेतीन इंची चकतीवर प्रत्येक बाजूस ८० वर्तुळे (ट्रॅक), प्रत्येक वर्तुळात १८ खंड (सेक्टर) आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १४,७४,५६० बाइट मावतात. खंडासोबत नोंदलेला पडताळ्याचा आकडा जुळला नाही, की नेहमीचा ड्राइव्ह तो खंड सदोष ठरवून हात वर करतो; आणि यूएसबीने जोडायचा तयार ड्राइव्ह तर सव्वापाच इंची चकती घेतच नाही.

म्हणून जुनाच ड्राइव्ह मिळवून त्याच्या ३४ तारांच्या पट्टीला एक छोटे बाह्य यंत्र जोडावे लागते. केअर फ्रेझर यांचे ‘ग्रीसवीझल’ हे असे यंत्र असून त्याचा आराखडा सर्वांस खुला आहे. ते अक्षरांचा अर्थ लावण्याच्या भरीस पडत नाही. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या चकतीवर चुंबकत्वाची दिशा कोणत्या क्षणी पालटली, तेवढेच ते टिपते. १.४४ एमबीच्या चकतीत ही अंतरे साधारण २, ३ वा ४ मायक्रोसेकंदांची असतात. एकाच वर्तुळाचे अनेक फेरे टिपून ठेवले, म्हणजे एका फेरीत अस्पष्ट राहिलेला खंड दुसरीत हाती लागण्याचा संभव असतो, आणि अर्थ लावण्याचे काम मागाहून संगणकावर सावकाश करता येते. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ व्होल्टांबरोबर १२ व्होल्टांचाही पुरवठा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे.

इतके करूनही मराठी मजकूर हाती येतोच असे नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. १९९१ साली इस्की हे भारतीय लिपींच्या संगणकीय संकेतांचे भारतीय मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. परंतु छपाईच्या धंद्यात श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांचे स्वतंत्र संकेतच दीर्घकाळ चालत राहिले. त्यांत अर्धे अक्षर, काना, मात्रा यांचे तुकडे सुटे नोंदले जात आणि ऱ्हस्व वेलांटी, ती डावीकडे दिसते म्हणून, व्यंजनाच्या आधी येई. मूळ फॉन्ट ठाऊक नसेल तर त्या मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. ही नवी मोडी वाचणारे आपल्यातूनच तयार व्हावे लागतील.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वा छापखान्यात असा डबा असेल, त्यांनी तो भंगारात देऊ नये. साडेतीन इंची चकतीवरची खिडकी उघडून लेखन बंद करावे, बुरशी दिसल्यास ती स्वच्छ झाल्याखेरीज ड्राइव्हमध्ये घालू नये, आणि त्या काळच्या फॉन्टांच्या चकत्याही त्याच डब्यात, त्याच रुमालात बांधून ठेवाव्यात.