पकड शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं करिअर मोजायचं कसं?

माझा पहिला सिनॉप्सिस परत आला तो एका प्रश्नामुळे. विषय होता सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन कबड्डी प्रशिक्षकांच्या बचावातल्या कामगिरीचा. समितीतल्या एका सरांनी विचारलं, "कामगिरी कुणाची? पोरांची की प्रशिक्षकाची?" मी पोरांनी घेतलेल्या पकडींचे गुण मोजणार होतो आणि ते प्रशिक्षकाच्या नावावर लिहिणार होतो. हे चुकीचं आहे हे सर म्हणेपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. पेट परीक्षा पास होऊन विषय शोधत असाल, तर माझी ही फजिती तुमच्या उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी प्रशिक्षकाकडे बघू. आपल्याकडे चढाईपटूला नाव मिळतं. कासेगावचा काशिलिंग आडके म्हटलं की वाळवा तालुक्यात कुणाला ओळख करून द्यावी लागत नाही. पण डाव्या कोपऱ्यातल्या पोराला घोटा कधी धरायचा आणि कधी नुसतं उभं राहायचं, हे शिकवणाऱ्या माणसाचं नाव बहुतेक वेळा कुठंच छापलेलं नसतं. कॉलेजात कागदोपत्री पद असतं 'शारीरिक शिक्षण संचालक'. म्हणजे कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, वर जिमखान्याची खरेदी आणि २६ जानेवारीचं संचलन, सगळं त्याच एका माणसाकडे. खास पकडीचा सराव घेतो तो गावातल्या मंडळाचा एखादा जुना खेळाडू, संध्याकाळी कामावरून आल्यावर. त्याच्या कामाला पदनाम नाही, मग नोंद कुठून असणार?

पैलवानकीतही तेच दिसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले, १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. लंडनपूर्वी त्यांना शिकवणारे अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांचं नाव त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात येतं. शिष्याला पदक मिळालं, म्हणून गुरूचं नाव राहिलं. ज्यांचे शिष्य विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत उपांत्य फेरीत हरले, त्यांच्याबद्दल संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करायची?

हा प्रश्न मला अमेरिकन कॉलेज फुटबॉलकडे घेऊन गेला. तिकडे या कामाला अख्खं पद आहे: डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा प्रमुख प्रशिक्षक. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळायचा नाही. अकरा जण चेंडू घेऊन पुढं सरकतात, समोरचे अकरा अडवतात, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड काटायचे असतात. हल्ल्याचे खेळाडू वेगळे, बचावाचे वेगळे. प्रत्येक प्रयत्नाआधी बचावाची मांडणी काय असेल हे कोऑर्डिनेटर ठरवतो. मुख्य प्रशिक्षक त्याच्या वर. सहसा माणूस पदव्युत्तर विद्यार्थी-सहायक म्हणून सुरू करतो, मग एखाद्या स्थानाचा प्रशिक्षक होतो, मग कोऑर्डिनेटर, आणि जमलं तर मुख्य प्रशिक्षक.

यातलं एक करिअर मी नमुन्यादाखल वाचलं, बड फॉस्टर यांचं. केंटकी राज्यातल्या मरे स्टेट विद्यापीठात ते खेळले आणि तिथंच मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर यांचे सहायक झाले. १९८७ मध्ये बीमर व्हर्जिनिया टेकला गेले, तेव्हा फॉस्टरही गेले. १९९५ मध्ये ते संयुक्त कोऑर्डिनेटर झाले, पुढच्या वर्षी एकट्याकडे जबाबदारी आली आणि २०१९ चा मोसम संपेपर्यंत ते त्याच पदावर राहिले. २००६ मध्ये त्यांना ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, तो देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला देतात. त्यांच्या बचावाची खूण होती कामगार नेतात तसला पत्र्याचा जेवणाचा डबा. (किर्लोस्करवाडीच्या कामगारालाही तो ओळखीचा वाटेल.) इतकं नाव असून हा माणूस मुख्य प्रशिक्षक झाला नाही.

मला हेवा वाटला तो नोंदींचा. कोणत्या वर्षी कोण कोणत्या पदावर, दर सामन्यात किती यार्ड दिले, किती गुण दिले, सगळं छापलेलं. मग वाटलं, झालं, हीच पद्धत इकडे लावू. इथंच माझी दुसरी चूक झाली.

नोंद आहे म्हणजे मोजमाप आहे असं नसतं. बघा, २०१५ चा प्रो कबड्डीचा दुसरा मोसम. काशिलिंग चढाईचे सर्वाधिक गुण घेणारा ठरला, ११४ गुण. त्याच मोसमात सर्वोत्तम बचावपटू ठरला रविंदर पहल. दोघंही एकाच संघात, दबंग दिल्लीत. आता सांगा, दिल्ली कितवी आली असेल? उपांत्य फेरीतसुद्धा पोचली नाही. खेळाडू मोठे, आकडे मोठे, आणि संघ पहिल्या चारात नाही. पकडीचे गुण पाहून कुणी दिल्लीच्या बचावाच्या प्रशिक्षणाला पैकीच्या पैकी मार्क दिले असते, तर तो माझ्याच सिनॉप्सिसची नक्कल करत होता असं म्हणायला हरकत नाही.

असं का होतं ते कबड्डीच्या नियमांत दडलंय. तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हळू वाचा.

आपला चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो. आपण गुण मिळवला की एक जण आत येतो. म्हणजे चढाई दुबळी असेल तर बचावाला कमी माणसांनिशी उभं राहावं लागतं. मैदानात तीन किंवा त्याहून कमी जण असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड, तिला एक गुण जास्त. म्हणून ज्या संघाची दाणादाण उडालेली असते त्यालाच अव्वल पकडीची संधी जास्त वेळा मिळते! पकडीचे गुण वाढलेले दिसतात आणि कारण असतं संघाची दुरवस्था. संशोधनाच्या भाषेत याला गोंधळ घालणारा चल म्हणतात. माझ्या गाईड मॅडम त्याला 'मधला माणूस' म्हणतात, मला तेच आवडतं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चांगल्या बचावाचं बरंचसं काम गुणफलकावर येतच नाही. चढाईपटू तीस सेकंद इकडून तिकडं नाचतो, हात लागत नाही, बोनसही मिळत नाही, परत जातो. गुण शून्य. पण अशा लागोपाठ दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसरीला त्याला गुण घेऊनच परतावं लागतं, नाहीतर बाद. म्हणून तो आत घुसतो, कोपरारक्षक वाट बघत असतो आणि सांगड पूर्ण होते. फलकावर दिसते फक्त शेवटची पकड. तिला आणणाऱ्या दोन शून्यांची नोंद कुणी ठेवत नाही. आणि थांबायला शिकवणं हेच तर प्रशिक्षकाचं काम. अंगात रग असलेल्या अठरा वर्षांच्या पोराला "झेप घेऊ नको" हे शिकवायला किती संध्याकाळी जातात, हे मी सरावाला बसून पाहिलंय.

एक काल्पनिक हिशेब करू. 'अ' संघासमोर ४० चढाया झाल्या. त्यात ८ पकडी, पैकी ३ अव्वल, म्हणजे ११ गुण. १६ चढाया रिकाम्या गेल्या आणि १६ मध्ये समोरच्याने गुण नेले. 'ब' संघासमोरही ४० चढाया. ७ पकडी, अव्वल एकही नाही, ७ गुण. २४ रिकाम्या, आणि गुण गेले ते फक्त ९ मध्ये. पकडीचे गुण मोजले तर 'अ' भारी. दर शंभर चढायांमागे किती वेळा गुण गेले हे मोजलं, तर 'अ' चे ४० आणि 'ब' चे साडेबावीस. निकाल उलटा! माझ्या पहिल्या आराखड्यात मी 'अ' च्या प्रशिक्षकाला उत्तम ठरवून मोकळा झालो असतो.

फुटबॉलमध्येही हेच दुखणं वेगळ्या रूपात आहे. आपल्या हल्ल्याने पटकन चेंडू घालवला की बचाव पुन्हा मैदानात, थकलेला. मग दर सामन्यामागे दिलेले यार्ड वाढतात. म्हणून तिकडचे अभ्यासक दर प्रयत्नामागे किती यार्ड दिले ते बघतात, आणि समोरचा संघ किती तगडा होता तेही जमेस धरतात.

बरं, मोजमाप सुधारलं. तरी सरांचा प्रश्न तसाच: कामगिरी कुणाची? इथं मला फॉस्टर यांचं करिअर उपयोगी पडलं, पण डब्यासाठी नाही. कॉलेजात खेळाडू टिकत नाहीत. आपल्याकडे पदवीची तीन-चार वर्षं, तिकडेही साधारण तेवढीच. प्रशिक्षक मात्र राहतो. चोवीस-पंचवीस वर्षांत पोरांची फळी पुन्हा पुन्हा पूर्ण बदलली आणि बचाव तसाच राहिला, तर त्यातलं काहीतरी प्रशिक्षकाचं आहे असं म्हणायला आधार मिळतो. व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक दोघंही लिलाव-करारांनी हलत असतात, तिथं हे वेगळं काढणं फार अवघड. त्यामुळे सांगलीचं एखादं साधं कॉलेज या प्रश्नासाठी प्रो कबड्डीपेक्षा चांगलं क्षेत्र आहे. मला हे उशिरा कळलं.

पण थांबा. फॉस्टर यांच्याबरोबर बीमरही २०१५ पर्यंत तिथंच होते. दोन माणसं कायम एकत्र असतील तर कुणाचा परिणाम कुठला, हे आकडे सांगू शकत नाहीत. बीमर निवृत्त झाले, २०१६ पासून जस्टिन फ्युएंते आले, आणि फॉस्टर राहिले. म्हणजे वेगळं करून बघायला जेमतेम चार मोसम. त्यातल्या २०१८ मध्ये संघ ६ जिंकला आणि ७ हरला. विजयांपेक्षा पराभव जास्त, असं १९९२ नंतर पहिल्यांदाच घडलं. म्हणून फॉस्टर शिकवायचं विसरले? की बीमर गेल्याचा परिणाम? की त्या वर्षी अनुभवी पोरं कमी होती? चार मोसमांवर कुणी ठाम उत्तर देत असेल तर त्याचा व्हायवा मला बघायचा आहे.

शिवाय मी फॉस्टर यांनाच का निवडलं? ते टिकले म्हणून. दोन-तीन वर्षांत काढून टाकलेले कोऑर्डिनेटर माझ्या नजरेत आलेच नाहीत. टिकलेल्यांचीच यादी करून 'टिकण्याची कारणं' शोधणं ही माझी तिसरी चूक झाली असती. इस्लामपूर, विटा, कराड, वाई इथं फिरताना म्हणून मी आता मुद्दाम विचारतो की सराव घेणं कुणी सोडलं, आणि का. उत्तरं बहुतेक वेळा खेळाबाहेरची निघतात: पाळी बदलली, ऊस तोडणीला आला, मानधन वर्षभर थकलं, मॅटवर खेळ गेला आणि मातीत शिकवणाऱ्याला कुणी बोलावलं नाही.

सुधारित सिनॉप्सिसमध्ये मी शीर्षकातला 'कामगिरी' हा शब्द काढला. आता दोन भाग आहेत. एकात प्रशिक्षकांच्या दीर्घ मुलाखती, त्या पडताळायला जिमखान्याची जुनी रजिस्टरं आणि स्पर्धांच्या स्मरणिका, कारण वीस वर्षांपूर्वीचा विजय आठवणीत दरवर्षी दोन गुणांनी मोठा होतो. दुसऱ्यात सामने. सामन्याला मी आखीव वही नेतो. प्रत्येक चढाईला पहिल्या रकान्यात बचावात किती जण उभे आहेत तो आकडा, दुसऱ्यात सलग कितवी रिकामी चढाई, आणि निकाल सगळ्यात शेवटी. सातही जण मैदानात असतानाच्या चढाया वेगळ्या काढून तुलना करतो, म्हणजे अव्वल पकडीचा फुगवटा जातो.

पहिल्या सामन्यात मी निम्म्या चढायांना माणसं मोजायचं विसरलो. खेळ बघत बसलो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, काय लिहितोस रे? सांगितलं. मग पुढचा अख्खा डाव ते प्रत्येक चढाईआधी मोठ्याने आकडा सांगत होते आणि मी लिहीत होतो.