एकच कलमा, एकच भाषा, तरीही ‘तू कोणाचा?’

मगरिबची अजान झाली की मोगादिशूपासून लंडनपर्यंतच्या सोमाली घरांत रोजा सोडताना खजुराबरोबर ‘सांबूस’ येतो. तिकोनी आकार, आत खिम्याचे सारण; आपला समोसाच. शेजारी ‘बजिये’ असतात, त्यांची ओळख मराठी माणसाला करून द्यायला नको. अरबी समुद्रावरच्या जुन्या व्यापाराने पदार्थ आणि त्यांची नावे दोन्ही किनाऱ्यांवर रुजवली. उत्तर सोमालियातल्या बर्बेरा बंदराचा कारभार तर १८९८ पर्यंत एडनमार्फत ब्रिटिश हिंदुस्थानच पाहत होता, आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे.

आज मात्र सोमालिया म्हटले की आपल्याला समुद्री चाचे आठवतात. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ३५ चाच्यांना पकडून मुंबईत आणले, तेव्हा या देशाचे नाव पुन्हा पहिल्या पानावर आले. त्या बातमीमागचा देश कसा आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

खरे तर आफ्रिकेत इतका एकजिनसी देश शोधून सापडणार नाही. जवळजवळ सगळे लोक सुन्नी मुसलमान, तेही कोकणातल्या मुसलमानांप्रमाणे शाफई पंथाचे. बहुतेकांची भाषा सोमाली. तरावीहची नमाज एकसारखी, ईदचा तकबीरही तोच. तरीही १९९१ पासून हा देश तुकड्यातुकड्यांत जगतो आहे. जे भांडण इतरत्र धर्म किंवा भाषेच्या नावाने होते, ते इथे कुळाच्या नावाने होते.

पाठांतर पिढ्यांचे

सोमाली मुलाला कुरआनाच्या आयतींबरोबर आणखी एक पाठांतर असते: बाप, आजा, पणजा असे करत पंधरा-वीस पिढ्यांची नावे. याला ‘अबतिर्सी’ म्हणतात. दोन अनोळखी सोमाली भेटले की ‘तू कुठला?’ यापेक्षा ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न महत्त्वाचा. दोघांची वंशावळ ज्या पूर्वजाशी जुळते, तिथे नाते ठरते. दारोद, हाविये, दिर, इसाक आणि रहनवेन ही मोठी कुळे. त्यांच्या शाखा आणि उपशाखा वेगळ्याच.

हे वेड नव्हे. दुष्काळी माळरानावर उंट राखणाऱ्या माणसाला पोलीस नव्हते, कोर्ट नव्हते. एखाद्याच्या हातून खून झाला तर दियत, म्हणजे रक्ताचा मोबदला, शंभर उंटांचा. एका घराला तो कसा परवडणार? मग सगळी भावकी मिळून तो भरते आणि मिळालेला मोबदलाही वाटून घेते. कूळ म्हणजे तिथला विमा, वकील आणि पतपेढी. ज्याचे कूळ मोठे, त्याच्या अंगावर हात टाकायला कोणी धजत नाही.

‘माजी कूळ’

१९६० च्या जूनअखेरीस ब्रिटिशांच्या ताब्यातला उत्तर भाग स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, इटलीच्या ताब्यातल्या दक्षिणेशी एक झाला. निळ्या झेंड्यावरच्या पांढऱ्या ताऱ्याचे पाच कोन म्हणजे सोमाली लोक राहतात ते पाच प्रदेश. स्वप्न मोठे होते. पण राजधानी दक्षिणेत, सत्तेची पदेही बहुतेक दक्षिणेकडे. उत्तरेत कुरबुर सुरू झाली.

१९६९ मध्ये लष्करप्रमुख सियाद बर्रे यांनी सत्ता घेतली आणि कुळाचा उल्लेखच गुन्हा ठरवला. कुळाभिमानाचे पुतळे करून जाहीरपणे पुरले, जाळले. लोकही हुशार, ते ‘तुझे माजी कूळ कोणते?’ असे विचारू लागले. इकडे बर्रे यांनी स्वतःचे, आईचे आणि जावयाचे अशी तीन कुळे मोक्याच्या जागी बसवली. वरून बंदी, आतून वशिला, असा कारभार झाला. १९८८ मध्ये उत्तरेतल्या इसाक बंडखोरांना धडा शिकवण्यासाठी सरकारी विमानांनी हरगेसा शहरावर बॉम्ब टाकले. ही विमाने हरगेसाच्याच विमानतळावरून उडत होती. हजारो माणसे मेली, लाखो इथिओपियात पळाली. पाडलेले एक मिग विमान आजही शहराच्या मध्यभागी स्मारक म्हणून उभे आहे.

जानेवारी १९९१ मध्ये बर्रे पळाले. त्यांना हटवणारे फराह अयदीद आणि अली महदी दोघेही हाविये. शत्रू गेला तशी त्यांच्या उपशाखांमध्ये जुंपली आणि मोगादिशूचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे झाले. कुळाच्या राजकारणाची गंमत अशी की ते कुळापाशी थांबत नाही. फूट भावाभावांपर्यंत खाली जाते.

साडेचारचा हिशोब

२००० साली शेजारच्या जिबूतीत अर्ता येथे परिषद भरली आणि तोडगा निघाला तो ‘साडेचार’चा. चार मोठ्या कुळसमूहांना प्रत्येकी एक वाटा. इसाक त्यात दिर समूहात धरले. उरलेल्या सर्वांना मिळून अर्धा. आजच्या २७५ जागांच्या लोकसभेत हा हिशोब असा बसतो: चौघांना ६१-६१ आणि बाकी सगळ्यांना ३१. मार्च १९६९ नंतर अर्धशतकाहून अधिक काळ देशाच्या संसदेसाठी थेट मतदान झाले नाही; कुळांचे वडीलधारे प्रतिनिधी ठरवत आले. बंदुका थोड्या शांत झाल्या, हे खरे. पण या ‘अर्ध्या’त कोण आहेत? नदीकाठी शेती करणारे बंटू, ज्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणले होते. किनारपट्टीवरचे जुने व्यापारी बेनादिरी. लोहारकाम, चांभारकाम करणारे, ज्यांना मोठी कुळे मुलगी देत नाहीत.

कागदावरचा हा अर्धा वाटा २०११ मध्ये जिवावर बेतला. त्या जुलैत संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियात दुष्काळ जाहीर केला आणि १ ऑगस्टच्या सुमारास रमजान लागला. सुमारे अडीच लाखांवर माणसे गेली. त्यांत निम्मी पाच वर्षांखालची मुले. अल-शबाबने मदत संस्थांना अडवले होते. पण पाऊस सगळ्यांवरच रुसला असताना मेले ते प्रामुख्याने रहनवेन आणि बंटू. कारण ज्यांचे भाऊबंद लंडन, मिनियापोलिस, नैरोबीत होते, त्यांच्या हातात हवाल्याने पैसे पडले. परदेशी सोमाली दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवतात असा अंदाज आहे, आणि तो पैसा वंशावळीच्या वाटेने जातो. ज्याचे परदेशात कोणी नाही, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

ऐंशी मतांची गोष्ट

उत्तरेने वेगळी वाट धरली. १८ मे १९९१ रोजी बुराओ येथे सोमालीलँड स्वतंत्र झाल्याची घोषणा झाली. १९९३ मध्ये बोरामा गावात कुळांचे दीडशे वडीलधारे काही महिने बसले, भांडले, पुन्हा बसले. कोणाची जनावरे कोणी पळवली, कोणाचे किती मेले, याचे हिशोब मिटवले. कुळाला नाकारण्याऐवजी त्यांनी ‘गुर्ती’ नावाच्या वडीलधाऱ्यांच्या सभागृहात त्याला बसवले आणि हळूहळू मतपेटीकडे वळले.

२००३ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दाहिर रियाले काहिन अवघ्या ८० मतांनी विजयी घोषित झाले. ते बहुसंख्य इसाकांपैकी नव्हते. शिवाय बर्रे यांच्या सुरक्षा खात्यात त्यांनी नोकरी केलेली. हरलेले अहमद सिलान्यो इसाक, माजी बंडखोर नेते. शस्त्रे घराघरांत होती. सिलान्यो कोर्टात गेले, तिथेही हरले आणि अखेर निकाल मान्य केला. २०१० मध्ये ते जिंकले, तेव्हा रियाले यांनी मुकाट्याने खुर्ची सोडली.

पण सोमालीलँडचेही सगळे आलबेल नाही. पूर्वेकडच्या लास अनोद शहरातले धुलबहांते हे दारोद कुळापैकी. १९९८ मध्ये स्थापन झालेला शेजारचा पुंटलँडही त्या भागावर हक्क सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे लढाई पेटली, रमजानातही धुमसत राहिली आणि ऑगस्टमध्ये सोमालीलँडच्या फौजेला मागे हटावे लागले. लाखाहून अधिक लोक बेघर झाले. सोमालीलँडच्या झेंड्यावर कलमा लिहिलेला आहे. समोरचेही तोच कलमा पढत होते.

कुरआनातल्या सूरह हुजुरातमध्ये कुळे आणि टोळ्यांचा उल्लेख येतो, तो एकमेकांची ओळख पटावी म्हणून. सोमालियातल्या प्रत्येक मशिदीत ही आयत वाचली जाते. पण कूळ सोड असे सांगणाऱ्याने त्या माणसाला दुसरा आधार द्यावा लागतो: चोरी झाली तर तक्रार घेणारा ठाणेदार, भुकेच्या वर्षी धान्य देणारे सरकार. तो मिळेपर्यंत माणूस वंशावळ घट्ट धरून राहणार, आणि ज्याची वंशावळ तोकडी तो उघड्यावर पडणार.

रमजान संपताना ईदच्या नमाजेआधी फितरा द्यायचा असतो. शाफई पंथात त्याचे माप ठरलेले आहे: घरातल्या प्रत्येक माणसामागे एक ‘सा’ धान्य, म्हणजे साधारण अडीच-तीन किलो. सुलतानाच्या घरातले तान्हे मूल असो की नदीकाठच्या बंटू शेतकऱ्याचे, माप तेच, भरून. साडेचारचा हिशोब मांडणाऱ्यांच्या घरीही दर ईदला हेच पुरे माप मोजले जाते.