पहिला टप्पा, चौदा रुग्ण

दौलताबाद-संभाजीनगरच्या पट्ट्यात कुणाला रक्ताचा कॅन्सर निघाला की घरचे फाइल काखेत मारून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस गाठतात आणि दादरला उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जातात. हे वर्षानुवर्षं चालत आलंय. आता संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे आणि बरेच उपचार इथंच होतात. पण केमोलाही न जुमानणारा आजार अजून मुंबईचीच वाट दाखवतो. अशाच रुग्णांसाठी 2021पासून मुंबईत एका देशी उपचाराची चाचणी झाली. तिचा हा मागोवा.

धाडस परळला नवं नाही. 1983मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी इथंच देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. पुढचं मोठं वळण 2012मध्ये अमेरिकेत आलं. एका लहान मुलीच्याच पांढऱ्या पेशींत फेरफार करून तिचा ल्युकेमिया आटोक्यात आणला गेला. 2017मध्ये त्या कार-टी उपचाराला तिथं मान्यता मिळाली, पण खर्च कोटींच्या घरात. आपल्याकडच्या रुग्णाला तो असून नसल्यासारखाच.

आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटानं हेच तंत्र इथं उभं करायला घेतलं. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीनं त्यांत नवं जनुक घालायचं, पेशी वाढवायच्या आणि सलाइनवाटे परत द्यायच्या. या पेशी सीडी-19 हे प्रथिन अंगावर असलेल्या बी-पेशी हुडकून मारतात. त्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर निरोगी बी-पेशीही जातात. परदेशी उपचारात पेशींवरच्या ग्राहीचा (रिसेप्टरचा) एक भाग उंदराच्या प्रथिनावर बेतलेला होता. मुंबईच्या गटानं तो मानवी प्रथिनाच्या जवळ नेला, दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून.

प्रयोगशाळेत साधलं ते माणसाला सोसेल का, हे पाहायचं काम पहिल्या टप्प्याचं. इथं गुणापेक्षा आधी विचारतात ते सुरक्षेचं: ताप किती चढतो, रक्तदाब कोसळतो का, मेंदूवर परिणाम होतो का. म्हणूनच या टप्प्यात येतात ते बाकीचे उपाय थकलेले रुग्ण. जून 2021मध्ये टाटाच्याच खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या. मोठ्यांच्या चाचणीची धुरा डॉ. हसमुख जैन यांच्याकडे, मुलांच्या चाचणीची डॉ. गौरव नरुला यांच्याकडे. मोठ्यांच्या पहिल्या टप्प्यात लिम्फोमाचे 14 रुग्ण होते. दुसऱ्या टप्प्यात आणखी 50 जण घेतले, त्यांत ल्युकेमियाचेही होते.

ऑक्टोबर 2023मध्ये औषध नियंत्रकांनी या उपचाराला ‘नेक्सकार-19’ या नावानं मान्यता दिली. एप्रिल 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. 2025मध्ये ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’त निष्कर्ष छापून आले. तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे 73 टक्क्यांत आजार मागे हटला. ताप-रक्तदाबाचे तीव्र दुष्परिणाम मोजक्यांनाच झाले, रक्तपेशी मात्र बहुतेकांच्या खूप घटल्या. त्याच निबंधात उपचारामुळे झालेल्या दोन मृत्यूंचीही नोंद आहे. शिवाय आजार मागे हटलेल्यांपैकी अनेकांत तो काही महिन्यांतच उलटला. ‘स्वदेशी चमत्कार’ अशा मथळ्यांखाली ही दुसरी बाजू झाकली गेली, आणि नातेवाइकांना निर्णय घेताना नेमकी तीच ठाऊक असावी लागते.

किंमत परदेशाच्या साधारण दशांशावर आली, तरी ती तीसेक लाखांच्या आसपास आहे. आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं अख्खं शिवार विकलं तरी एवढे पैसे उभे राहणं कठीण. चाचणीत औषधाचे पैसे पडत नव्हते, मान्यतेनंतर पडू लागले. पहिल्या चौदा जणांनी अनिश्चिततेचा भार स्वतःच्या शरीरावर घेतला, तेव्हा पुढच्यांची वाट मोकळी झाली. ती पैशापाशी अडू न देणं हे काम आता डॉक्टरांचं नाही, सरकारी आरोग्य योजनांचं आहे.